काटा

पंपांची चाचणी शनिवारीच आटोपली,
म्हणून रविवारी पेत्रोवारादिनचा किल्ला चढलो.
स्वेतोझारने बजावलं होतं, एक वाजता घरी ये,
आई मासा करते आहे,
आणि आईला वाट पाहणं आवडत नाही.

फोन मेलेला. पण वर पांढरा बुरूज होता,
बुरुजावर घड्याळ, दोन काटे,
दहा वाजून नऊ-दहा मिनिटं.
ढीगभर वेळ हाताशी.
कठड्यावर बसलो पाय सोडून.

खाली डॅन्यूब. इथे तिला दुनाव म्हणतात,
आणि 'तो' म्हणतात.
मी मनातल्या मनात लिंग बदलून पाहिलं:
तो आला, तो पसरला, तो पुलाखालून गेला...
वळणापर्यंत जमलं.
वळणावर ती पुन्हा तीच झाली.
पलीकडे नोवी साद, कळस, गच्च्या, कुणाच्या तरी चादरी,
आणि वाळूचा एक पडाव, इतका सावकाश
की त्याच्यावरचा कुत्राच काय तो चालत होता.

पुन्हा वर पाहिलं तर सव्वापाच.
दहाचे एकदम सव्वापाच,
मधली दुपार कुणी खाल्ली?

चित्रं विकणारा पोरगा हसत हसत खाली बसला.
मग बोटांनी शिकवलं: लांब तो तास, आखूड तो मिनिट.
होडीवाल्यांसाठी केलंय उलटं.
एवढ्या लांबून एकच काटा दिसणार,
आणि पाण्यावर मिनिटं घेऊन कुणी करायचं काय?
थंडीत मागे पडतं, उन्हात पुढे पळतं.
'प्यायलेलं असतं,' तो म्हणाला,
घरातल्या काकाबद्दल बोलावं तसं.

म्हणजे अडीच होत आले होते.
पुलावरून पळालो.

स्तामेंकाबाईंनी दार उघडलं, पाठ फिरवली,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.
'सात,' त्या म्हणाल्या.
सात कसे? तीनच वाजलेत की!
स्वेतोझारला हसू आवरेना.
सात म्हणजे त्यांच्याकडे घड्याळ.
आमच्याकडे साइत, मी म्हटलं,
तीही चुकतेच माणसाची.
हे त्याने आईला सांगितलं की नाही, कोण जाणे.
चोर्बा पुन्हा शेगडीवर चढला.
तो लाल रस्सा, आत कार्पचे तुकडे.
शोरबाच हा. एवढं तरी नीट कळलं.

खाताना त्या बोलल्या, मध्ये मध्ये पाव मोडत.
नव्याण्णवचा वसंत. पूल पाण्यात आडवे पडलेले.
मिलुतिन, म्हणजे नवरा, होडीने माणसं न्यायचा.
एके संध्याकाळी सहाला येतो म्हणाला.
त्या घाटावर उभ्या, समोर किल्ल्यावर घड्याळ.
सहा गेले. सात गेले.
त्यांनी ठरवलं, गारठा आहे, काटा मागे पडला असेल.
मग लक्षात आलं,
मागे पडला असेल तर उशीर आणखीच जास्त झाला.
तेव्हापासून वर बघितलं नाही.
'मग?' मी विचारलं. घास हातात.
मग काय. अंधारात आला.
होडीत एक दातांचा डॉक्टर आणि त्याची खुर्ची,
ती लोखंडी, पायाने वर-खाली होणारी.
डॉक्टर खुर्ची सोडायला तयार नव्हता,
होडी खुर्ची घ्यायला तयार नव्हती.
'चार तास भांडत होते दोघं त्या काठावर!'
त्या आता चिडल्या, आज नव्याने,
मिलुतिनच्या फोटोकडे बघून.

तेवढ्यात माझ्या घशात काटा अडकला.
डोळ्यांत पाणी. कोरडा पाव गिळ, त्यांनी खूण केली,
पाठीत दोन गुद्दे घातले, दुसरा जरा जोरात,
तो बहुधा एक वाजताचा.

निघताना चोर्बा बरणीत भरून दिला, झाकण घट्ट.
नाही म्हणायची सोय नव्हती.

बेलग्रेडच्या विमानतळावर, तपासणीच्या रांगेबाहेर,
बरणी आत नेता येईना, फेकवतही नाही,
उभ्या उभ्याच प्यालो, थंडगार,
लोक बघत होते, विमानाची घोषणा होत होती,
मी एकेक काटा जिभेने चाचपत,
सावकाश.